मिडवाइफ व्हायचंय? नावापुढच्या ‘आरएम’चा अर्थ

नर्सिंगचा अभ्यासक्रम संपवून मुलगी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करते, तेव्हा तिच्या नावापुढे ‘आरएन, आरएम’ लागतं. आरएन म्हणजे नोंदणीकृत परिचारिका. आरएम म्हणजे नोंदणीकृत मिडवाइफ, सरकारी मराठीत प्रसविका, आणि आपल्या आज्यांच्या भाषेत सुईण. पहिल्या दोन अक्षरांवर ती आयुष्यभर पगार घेते. पुढची दोन अक्षरं बहुतेकींच्या बाबतीत कागदावरच राहतात. नेमणूक हाडांच्या वॉर्डात होते, तिथून आयसीयूत, मग ओपीडीत. दहा वर्षांत एकही बाळंतपण न केलेली बाईसुद्धा नोंदवहीत मिडवाइफच असते.

मी 22 वर्षं लेबर रूममध्ये काम केलं, आता मुलींना शिकवते. बारावीचा निकाल लागला की मुली आईवडिलांना घेऊन येतात. त्यातली एखादी स्पष्ट सांगते, “मॅडम, मला बाळंतपणाच्याच खात्यात काम करायचंय. कोणता कोर्स करू?” मला अशा मुली फार आवडतात. पण त्यांना उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण आपल्याकडे परिचारिका आणि सुईण हे दोन पेशे एकाच गणवेशात घातलेले आहेत. ते आधी वेगळे करून पाहावे लागतात.

सुईण नेमकं काय करते

डॉक्टरांचं शिक्षण मुख्यतः बिघाडाभोवती उभं असतं: काय बिघडलं, का बिघडलं, कसं दुरुस्त करायचं. सुईणीचं शिक्षण एका नैसर्गिक प्रक्रियेभोवती उभं असतं. गरोदरपणाच्या तपासण्या, कळा, बाळंतपण, वार (प्लासेंटा) पडणं, बाळाला पाजणं, बाळंतिणीचे पुढचे सहा आठवडे, हे सगळं तिचं क्षेत्र. त्यात तिला दोन गोष्टी यायला हव्यात. जिचं नीट चाललंय तिच्यात विनाकारण हात घालायचा नाही, आणि जिचं बिघडू लागलंय ती वेळेत ओळखून योग्य ठिकाणी पोचवायची. बाहेरून पाहणाऱ्याला दुसरं काम अवघड वाटतं. मला मात्र इतक्या वर्षांनंतरही पहिलंच अवघड वाटतं.

एक नेहमीची रात्र घेऊ. अकरा वाजता पहिलटकरीण येते. कळा सुरू आहेत, सोबत सासू आणि आई, बाहेर मोटारसायकलवर नवरा. आम्ही तपासतो. गर्भपिशवीचं तोंड दोन बोटं उघडलेलं, म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर. घरच्यांना वाटतं, आता तासाभरात मोकळी होईल. तसं होत नाही. तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ संथ असतो, कुणाला चार तास लागतात, कुणाला त्याहून कितीतरी जास्त. पाचच्या पुढे खऱ्या जोराच्या कळा सुरू होतात. पूर्वी आम्हाला शिकवलं होतं, की तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, नाहीतर काहीतरी चुकतंय. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये हा नियम बाजूला ठेवला. आई आणि बाळ दोघं ठीक असतील, तर पहिलटकरणीला पाचपासून दहा सेंटिमीटरपर्यंत जायला 12 तासांपर्यंत लागू शकतात, आणि तो वेळ तिला द्यावा, असं ही संघटना सांगते.

या तासांत सुईण काय करते? अर्ध्या तासाच्या आत पुन्हा पुन्हा बाळाचे ठोके ऐकते. मिनिटाला 110 ते 160 ही ठीक मर्यादा. पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा येतात आणि एक कळ किती सेकंद टिकते ते मोजते. नाडी, रक्तदाब, ताप बघते. बाईला चालायला लावते, पाणी पाजते, लघवीला जायची आठवण करते. (भरलेलं मूत्राशय बाळाची वाट अडवतं. हे बारकं काम विसरलं म्हणून लांबलेली बाळंतपणं मी पाहिली आहेत.) कंबर चोळते. आणि बाई “आता नाही होत माझ्याच्यानं” म्हणते तेव्हा तिच्यापाशी असते. बहुतेकदा हे वाक्य आलं की बाळ जवळ आलेलं असतं.

हे सगळं एका तक्त्यावर उतरवायचं असतं. त्याला पार्टोग्राफ म्हणतात, आणि त्याची कहाणी आपल्या कामाची आहे. 1972 साली त्या वेळच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल या दोघांनी बाळंतपणाच्या आलेखावर दोन तिरप्या रेघा मारल्या. मोठं हॉस्पिटल लांब, मधल्या केंद्रात डॉक्टर नाही, हाताशी फक्त सुईण. बाईला पुढे कधी पाठवायचं हे तिनं ठरवायचं कसं? आलेखाची रेघ पहिल्या तिरप्या रेघेच्या पलीकडे गेली, की सावध व्हायचं आणि पाठवायची तयारी करायची. दुसरी रेघ त्यानंतर चार तासांनी येते, तिथे कृती झालीच पाहिजे. मधले चार तास रस्त्यासाठी. आपल्या मेळघाटातल्या, अक्कलकुव्यातल्या, भामरागडातल्या सिस्टरला हे चार तास काय असतात हे वेगळं सांगावं लागणार नाही. 2020 पासून जागतिक आरोग्य संघटनेचा नवा तक्ता आला आहे. त्यात बाईसोबत कुणी माणूस आहे का, तिनं काही प्यायलं का, ती कोणत्या स्थितीत आहे, याचेही रकाने आहेत. माझ्या मते हा फार मोठा बदल आहे, कारण सोबत आणि पाणी या गोष्टी पहिल्यांदाच ठोक्यांच्या आणि रक्तदाबाच्या पंगतीला बसल्या.

बाळ आलं, पण काम अर्धंच झालं

नवीन मुली बाळाच्या रडण्याकडे पाहत राहतात. मी त्यांना म्हणते, बाळ आईच्या छातीवर ठेव, पुसून कोरडं कर, आणि नजर खाली आण. खरा धोका पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात असतो.

दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटते तिथे रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी राहतात. ती बंद कशानं होतात? पिशवीच्या स्नायूंचे धागे एकमेकांत विणलेले असतात, आणि त्यांच्या विणीतून या रक्तवाहिन्या जातात. पिशवी आवळली की विण घट्ट होते आणि वाहिन्या दाबल्या जातात. निसर्गानं घातलेले टाकेच म्हणा ना. पिशवी आवळली नाही, सैल राहिली, तर तेच रक्त बाहेर वाहू लागतं. धडधाकट बाई दोन तासांत जाऊ शकते.

म्हणून बाळ जन्मल्यावर पोटात दुसरं बाळ नाही ना याची खात्री करून, एका मिनिटाच्या आत, पिशवी आवळणाऱ्या ऑक्सिटोसिन या औषधाची 10 युनिट मांडीत टोचायची. नाळ लगेच कापायची घाई करायची नाही. एक ते तीन मिनिटं थांबलं तर वारेतलं रक्त बाळाला मिळतं आणि पुढे त्याला रक्तक्षयाचा त्रास कमी होतो. वार बाहेर आली की ती उलटसुलट पाहायची, तुकडा राहिला नाही ना. मग पोटावर हात ठेवून पिशवी नारळासारखी कडक लागते का ते तपासत राहायचं. ‘नारळासारखी’ हा शब्द मी पुस्तकातून घेतलेला नाही. तो मला एका उपकेंद्रातल्या जुन्या आरोग्य सेविकेनं दिला, आणि माझ्या हाताला तो कायमचा कळला.

रक्त थांबलंच नाही तर? पिशवी चोळणं, औषधं, सलाइन, आणि तरीही थांबलं नाही तर पिशवीत फुगा फुगवून आतून दाब देणं. हा फुगा महाग मिळायचा, म्हणून बांगलादेशातल्या डॉ. सायेबा अख्तर यांनी साध्या कंडोमला रबरी नळी बांधून त्यात सलाइन भरलं आणि तेच काम करून दाखवलं. आज जगभरातल्या लहान रुग्णालयांत हा उपाय शिकवतात. गाडी येईपर्यंत, रक्ताची पिशवी मिळेपर्यंत बाईला तगवून धरणं हे सुईणीच्या हातात असतं. झटके येणाऱ्या बाईला ते थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पाठवणं, न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात हातानं दाबायच्या हवेच्या पिशवीनं आणि मास्कनं श्वास देणं, हेही तिचंच काम. ही कौशल्यं पुतळ्यावर शंभर वेळा करून हातात बसवावी लागतात, कारण खऱ्या वेळी विचार करायला सवड नसते.

मधे हरवलेली बाई

आपल्या गावची सुईण हे सगळं शास्त्र जाणत नव्हती, पण बसायला जाणत होती. रात्रभर बसायची. तेल चोळायची, उकिडवं बसवायची, दोरीला धरून उभं करायची. तिला लुगडं-खण, नारळ आणि धान्य मिळायचं. नाळ कापण्याचं काम विटाळाचं मानलं जाई, म्हणून ते अनेक गावांत दलित किंवा न्हावी समाजातल्या बायकांवर सोपवलेलं असे. सगळ्यांना जगात आणणारी बाई ओसरीवरच थांबायची. या पेशाला आजही हवा तो मान मिळत नाही, त्याच्या तळाशी ही जुनी गोष्ट आहे असं मला वाटतं.

तिच्या हातून चुकाही व्हायच्या. न उकळलेल्या ब्लेडनं किंवा विळ्यानं नाळ कापली की बाळ धनुर्वातानं जायचं. स्वच्छता न कळल्यानं मोठमोठी रुग्णालयंही चुकली होती, हे मात्र लक्षात ठेवावं. 1840 च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणं करत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतरोगानं शंभरातल्या दहाच्या आसपास बायका मरत, सुईणींच्या विभागात चारहून कमी. बायका पहिल्या विभागात जाऊ नये म्हणून हातापाया पडत. विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणी तपासत होते. 1847 मध्ये तिथले डॉक्टर सेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्यानं उतरले. मी हात धुण्याचा धडा नेहमी या गोष्टीपासून सुरू करते.

आपल्याकडे 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या, 108 ची गाडी आली, आणि बाळंतपणं घरातून दवाखान्यात गेली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 88.6 टक्के बाळंतपणं संस्थेत झालेली दिसतात, महाराष्ट्रात तर जवळपास 95 टक्के. 2018-20 च्या आकड्यांप्रमाणे देशात एक लाख जिवंत जन्मांमागे 97 माता दगावत होत्या, महाराष्ट्रात 33. यामागे हजारो सिस्टरची पायपीट आहे आणि मला तिचा अभिमान आहे.

पण दवाखान्यात गेलेल्या बाईजवळ रात्रभर बसणारं कुणी उरलं नाही. एका सिस्टरकडे पाच खाटा, लिहायला सतरा रजिस्टरं. त्याच पाहणीत देशभरातल्या सिझेरियनचं प्रमाण 21.5 टक्के आहे. सरकारी दवाखान्यांत 14.3, खासगीत 47.4. खासगी दवाखान्यात जन्मलेलं जवळपास दर दुसरं बाळ शस्त्रक्रियेनं आलं. सिझर जीव वाचवतं, आणि वेळेवर न मिळाल्यानं गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तरी इतक्या बायकांना त्याची गरज असते यावर माझा विश्वास नाही. डॉक्टर एकटे, रात्रीचे तीन, नातेवाईक घाबरलेले, जवळ थांबून लक्ष ठेवणारं कुशल माणूस नाही, अशा वेळी शस्त्रक्रिया हाच सोपा रस्ता उरतो. त्या रिकाम्या स्टुलावर बसणारी बाई तयार करणं म्हणजे आजची मिडवाइफरी.

तिथे पोचायचं कसं

इंग्लंडमध्ये बारावीनंतर थेट तीन वर्षांची मिडवाइफरीची पदवी घेता येते. नर्स व्हावंच लागत नाही. स्वीडनमध्ये आधी नर्स, मग दीड वर्षाचं खास शिक्षण. आपली वाट स्वीडनसारखी आहे: पहिल्यांदा नर्स, मग सुईण.

नर्स होण्याचे तीन दरवाजे आहेत. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविका, दोन वर्षांचं, कोणत्याही शाखेची बारावी चालते. घरून पाठबळ कमी असेल, लवकर कमवायचं असेल, गावाजवळ काम करायचं असेल, तर हा चांगला दरवाजा आहे. उपकेंद्रातली आरोग्य सेविका ती हीच. साधारण 5,000 लोकवस्तीला, आदिवासी भागात 3,000 ला एक उपकेंद्र. जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या आणि प्रसविका, तीन वर्षांचं. आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, त्याला बारावी विज्ञान, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, खुल्या गटाला किमान 45 टक्के. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. प्रवेशासाठी राज्याची सीईटी असते, तिच्या तारखांकडे जानेवारीपासून लक्ष ठेवा.

मुलीला पुढे खऱ्या अर्थानं मिडवाइफ व्हायचं असेल आणि शक्य असेल, तर मी बीएस्सीच सांगते. जीएनएम केलेलीची वाट बंद होत नाही. तिला दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. त्यापुढे एमएस्सीला प्रसूती आणि स्त्रीरोग परिचर्या हा विषय घेता येतो. शिकवायची आवड असेल तर तो घ्यावा.

इथे पालकांना हात जोडून एक सांगायचं आहे. ‘सहा महिन्यांत नर्स’, ‘दहावीवर नर्सिंग, नोकरीची हमी’ अशा पाट्या तालुक्यातालुक्यांत लागलेल्या दिसतात. त्या कोर्सवर परिषदेची नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसेल तर मुलगी ना आरएन, ना आरएम. पैसे भरण्याआधी संस्थेचं नाव परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत या वर्षासाठी आहे का, ते स्वतः पाहा. आणि दुसरं विचारा: संस्थेच्या मुली बाळंतपणं शिकायला कोणत्या रुग्णालयात जातात आणि तिथे महिन्याला किती बाळंतपणं होतात? इमारत चकाचक आणि लेबर रूम रिकामी, अशा कॉलेजात सुईण तयार होत नाही. विद्यार्थिनीला ठरावीक संख्येनं बाळंतपणं पाहावी लागतात, मग मदतीला उभं राहावं लागतं, मग स्वतःच्या हातानं करावी लागतात, आणि प्रत्येक केस बुकात लिहून सही घ्यावी लागते. केस बुक दुसऱ्याचं बघून भरणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांचं मला वाईट वाटतं, कारण पुढे पहिल्या एकट्या रात्री ते बुक कामाला येत नाही.

आता खरा नवा दरवाजा. डिसेंबर 2018 मध्ये केंद्र सरकारनं मिडवाइफरी सेवांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ असा वेगळा दर्जा तयार केला. जीएनएम किंवा बीएस्सी झालेली, आरएन-आरएम नोंदणी असलेली आणि बाळंतपणं करण्याचा किमान दोन वर्षांचा अनुभव असलेली परिचारिका याला पात्र ठरते. शिक्षण 18 महिन्यांचं. तेलंगणानं तर त्याआधीच, 2017 मध्ये, करीमनगरला अशा परिचारिकांचं प्रशिक्षण सुरू केलं होतं. या बाईनं काम करायचं ते मिडवाइफ चालवत असलेल्या कक्षात. तो मोठ्या रुग्णालयाच्या प्रसूती विभागाला लागून असतो. धोका नसलेल्या बायका तिथे येतात, बाळंतपणाची जबाबदारी पूर्णपणे मिडवाइफची असते, नियमावलीप्रमाणे औषधं ती स्वतः देते, आणि गरज पडली तर दार उघडून बाईला पलीकडे डॉक्टरांकडे नेते. भिंत एकच, त्यामुळे चार तासांचा रस्ता चार मिनिटांचा होतो.

2023 मध्ये आलेल्या कायद्यालाही माझ्या लेखी मोल आहे. 1947 पासून आपला कायदा ‘भारतीय परिचर्या परिषद’ या नावाचा होता. नव्या कायद्याच्या नावात परिचर्येच्या जोडीनं मिडवाइफरी हा शब्द आला. शब्द नावात येतो तेव्हा पदं मागता येतात.

पगार, बदल्या आणि परदेश

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे राज्याच्या अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, वेतनश्रेणी 35,400 ते 1,12,400 आहे, जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेची 25,500 ते 81,100, वर भत्ते. कंत्राटी जागांवर आणि लहान खासगी प्रसूतिगृहांत यापेक्षा बराच कमी पगार मिळतो, आणि काम मात्र तेवढंच. बढतीची शिडी अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी आहे. जितकं वर जाल तितकं बाळंतिणीपासून लांब, ही या शिडीची खोट आहे. दुसरी खोट म्हणजे वॉर्डबदल. लेबर रूममध्ये हात तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तयार झाला की बाईला नेत्र विभागात पाठवतात. 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या लेबर रूम सुधारण्याच्या सरकारी कार्यक्रमात लेबर रूमच्या कर्मचाऱ्यांना असं फिरवू नये अशी अपेक्षा आहे. तुमच्यावर वेळ आली तर त्याचा आधार घेऊन लेखी अर्ज करा. मी मुलींना तो अर्ज लिहायलाही शिकवते.

परदेशाचं स्वप्न असेल तर एक गैरसमज आधीच काढून टाका. ब्रिटनमध्ये नर्स आणि मिडवाइफ यांची नोंदणी वेगवेगळी असते. भारतातून गेलेली परिचारिका नर्स म्हणून नोंदली गेली, तर तेवढ्यावर तिला तिथे मिडवाइफ म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी वेगळी पात्रता सिद्ध करावी लागते. ‘नावापुढे आरएम आहे की’ असं म्हणून गेलेल्या मुली तिथे वृद्धांच्या वॉर्डात रमल्या आहेत. 2021 च्या जागतिक अहवालात जगात 9 लाख मिडवाइफची कमतरता सांगितली आहे. जागा खूप आहेत, पण केलेल्या बाळंतपणांची पक्की नोंद आणि भाषा या दोन गोष्टींशिवाय त्या मिळत नाहीत.

कोणी येऊ नये

मी शिकत होते तेव्हा कळा देणाऱ्या एका बाईच्या मांडीवर वरिष्ठांनी चापट मारली आणि जे बोलल्या ते मी लिहू शकत नाही. बाई गप्प झाली. मीही गप्प राहिले, आणि ते मला आजपर्यंत बोचतं. दोन वर्षांनी कळलं, की दुसऱ्या खेपेला ती दवाखान्यात आलीच नाही, घरीच थांबली. तिचं पुढे काय झालं हे मी विचारायला हवं होतं. तेही विचारलं नाही.

बाळंतपण करताना ओरडणाऱ्या बाईचा राग येणाऱ्या मुलीनं या खात्यात येऊ नये. रक्ताची भीती जाते, रात्रपाळीची सवय होते, टाके घालायला हात शिकतो. तो राग मात्र वर्षागणिक वाढत जातो. बाकी कुणीही यावं. अबोल मुली फार छान सुईणी होतात, असं मी पाहिलं आहे. बडबड्याही होतात, पण त्यांना गप्प बसायला शिकवावं लागतं.

“मॅडम, तुम्हाला तुमचं पहिलं बाळंतपण आठवतं का?” हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. आठवतं. बाळाचं डोकं दिसू लागलं होतं आणि मी धरायला हात पुढे केला. माझ्या हातावर सिस्टरचा हात आला. “थांब,” त्या म्हणाल्या. “ती आणतेय. तू फक्त तिथे राहा.” पुढच्या कळेला डोकं आपोआप बाहेर आलं, वळलं, मग खांदा. टाका एकही लागला नाही. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं, मुलगी, वजन 2 किलो 700 ग्रॅम. केस बुकातली ती ओळ माझ्या अक्षरात आहे, थोडी वाकडी, आणि तिच्यासमोर सिस्टरची सही.